पागाचं शिसं आणि थांबलेली पाळी

"तुमच्या रक्तात शिसं आहे," सावंतवाडीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी वेड्यासारखी विचारून बसले, "कुठलं? पेन्सिलीतलं?"

त्या हसल्या नाहीत. "पेन्सिलीत ते नसतंच. तुम्ही घरी काय काम करता?"

केसपेपरवर मी 'गृहिणी' लिहिलं होतं. आचऱ्यात आमच्या घरी पाग, म्हणजे फेकायची जाळी, तयार होतात. त्यांच्या कडेला वजनासाठी शिसं लागतं. पडवीतल्या चुलीवर ते वितळवायचं, त्याचे तुकडे करायचे आणि दोरीवर दातांनी दाबून बसवायचे. हातोडीने दोरी तुटते, दाताला अंदाज कळतो. लग्नानंतर सासूबाईंनीच शिकवलं, आणि दोन वर्षांत मी त्यांच्यापेक्षा भरभर चावू लागले. त्याचा मला केवढा तोरा होता! पण हेही काम असतं, ते लिहायचं असतं, असं कधी मनातच आलं नाही.

लग्नाला चार वर्षं झाली होती, मूल नव्हतं. पाळी चुकली तेव्हा मी हरखून गेले. घरी तीनदा तपासलं, तिन्ही वेळा 'नाही'च आलं. मग पाळी आठ महिने आलीच नाही. पोटात कळा यायच्या, तोंडाला कसलीतरी कडवट चव असायची.

सोनोग्राफीत गर्भाशय, अंडाशय ठीक निघालं. मात्र एफएसएच आणि एलएच ही दोन्ही हॉर्मोन्स फार कमी होती. मेंदूतून येणारी, अंडाशयाला कामाला लावणारी ती हॉर्मोन्स. मेंदूचा एमआरआयही स्वच्छ आला. बरं वाटायला हवं होतं, पण माझं डोकं भलतीकडेच गेलं. सगळं जागेवर आहे, तर मग अडलंय कुठे?

रक्ताच्या काचपट्टीवर तांबड्या पेशींत निळे ठिपके दिसले आणि शिशाची तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी कागदावर मेंदू काढून दाखवला. हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग थोड्या थोड्या वेळाने जीएनआरएच हे हॉर्मोन सोडतो. त्या ठेक्यावर पुढची हॉर्मोन्स सुटतात. शिसं तो ठेकाच बिघडवू शकतं. मला रापण आठवली, किनाऱ्यावरून ओढायचं ते मोठं जाळं. किनाऱ्यावर एकजण आवाज देतो, त्यावर सगळे दोर ओढतात. आवाज देणाराच गप्प झाला तर माणसं असून काय उपयोग!

"शिसं हाडांत साठतं," त्या म्हणाल्या. "गरोदरपणात ते सुटून बाळापर्यंत जातं. पाळी आली तरी रक्तातलं शिसं उतरेपर्यंत थांबायचं. आणि पाळी येईलच, अशी खात्री मी आज देत नाही."

घरी येऊन सांगितलं तर माझा नवरा आईकडे बोट दाखवत उसळला. "आवशीन जल्मभर शिसा चावल्यान, तिका खंय काय झाला?"

सासूबाई पाग विणत होत्या. त्यांचे हात थांबले.

"मगे माका तुझ्यानंतर दुसरा पोर झाला नाय, ता ह्येच्यामुळेच काय रे?"

त्या एका गोष्टीवरून त्यांनी आयुष्यभर टोमणे ऐकले होते. पुढच्या खेपेला मी त्यांचा प्रश्न डॉक्टरीणबाईंना विचारला. "आता सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. मला ते फार लागलं.

शिसं वितळवणं आम्ही बंद केलं, पडवीतली चूल मोडली. शिशाच्या तयार गोळ्या आणतो, त्या हातमोजे घालून पकडीने बसवतो. रक्तातलं शिसं काढणारं औषध मी काही आठवडे घेतलं. तुम्हीही डॉक्टरांकडे जाल तेव्हा घरबसल्या हातांनी, दातांनी जे काय करता ते सगळं सांगा.

सात महिन्यांनी एका सकाळी पाळी आली. चार वर्षं दर महिन्याला जिच्यामुळे मी रडत होते, तीच. मी न्हाणीतून ओरडतच बाहेर आले. आमच्याकडे त्या दिवसांत बाई स्वयंपाकघरात जात नाही, म्हणून मी सवयीने पडवीत बसले.

सासूबाई दारात आल्या. माझा हात धरून त्यांनी मला आत स्वयंपाकघरात नेलं आणि तिथल्या चुलीशेजारी पाट मांडला.

"भायर बसू नको, बाय," त्या म्हणाल्या. "आज हय बस, माझ्याकडे."