टॉवरची टोपी

डोणगावात माझ्या दुकानामागं मोबाइलचा टॉवर आहे. त्याचा राखणदार माझ्याकडे चहाला येतो. किती वाजले विचारलं, की मनगटावर घड्याळ असूनही हा गडी आधी टॉवरकडे बघतो. "टाइम वरतून येते भाऊ, उपग्रहावरून. त्याच्यावरच सारे टॉवर चालतेत," असं रुबाबात सांगतो आणि मग गुपचूप घड्याळ बघतो.

ती वेळ झेलणारा लोट्याएवढा पांढरा अँटेना टॉवरखालच्या खोलीच्या छतावर आहे. कबुतरं त्यावर घाण करतात, हे राखणदाराच्या फार जिवाला लागायचं. यंदा त्यानं अळी लागत नाही म्हणून वावरात पेरलेल्या बीटी कपाशीच्या बियाण्याची रिकामी पिशवी अँटेनाला टोपीसारखी घातली. दुसऱ्या दिवशी ऐन फवारणीत गावातले फोन बंद. मजुरांना निरोप जाईना, सगळ्यांच्या शिव्या यालाच.

इंजिनिअर आला, त्यानं पिशवी ओढून काढली. "आतून अॅल्युमिनियम आहे हिला! टॉवरला उपग्रहच दिसेना. नोकरी जाईल तुझी!"

राखणदारानं पिशवी उलटसुलट केली. वर छापलेलं टपोरं बोंड निरखलं.

"वावरात तं इच्यानं एक अळी नाही अडली साहेब," तो म्हणाला, "अन् इथं उपग्रह अडला म्हन्ता?"