अनंतावरची अळी

प्रत्येक जिवाला आपलं आयुष्य पूर्ण जगण्याचा हक्क आहे. हे वाक्य मी आईला ऐकवलं तेव्हा तिच्या अनंताला सात पानं उरली होती.

कोसाडच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत तेवढं एकच झाड. आईने ते अमळनेरहून बसमध्ये मांडीवर ठेवून आणलेलं. तीन वर्षांनी त्याने पहिली कळी धरली आणि त्याच आठवड्यात त्यावर शेपटीला काटा असलेली एक जाड हिरवी अळी सापडली. आईने चप्पल उचलली. मी कीटकांचं पुस्तक उघडून चित्र दाखवलं. यातून भर उन्हात उडणारा, भुंग्यासारखा दिसणारा पतंग निघतो.

"तुले पाखरू जोयजे, माले फूल जोयजे," आई म्हणाली. पण मी घरातली शिकलेली मुलगी. तिने चप्पल पायात घातली.

अळीने उरलेली पानं खाल्ली, मग कळी खाल्ली, आणि कुंडीतल्या मातीत शिरून कोष केला. आई त्या काड्यांना रोज पाणी घालत राहिली. माझ्याशी मात्र ती कामापुरतंच बोले.

तीनेक आठवड्यांनी एका सकाळी काडीवर पतंग बसलेला दिसला. हिरवट अंग, पंखांवर राखाडी भुकटी. मी वडिलांना मोठ्या दिमाखाने बोलावलं. त्यांचं आयुष्य कडोदऱ्याच्या गिरणीत कापड तपासण्यात गेलं. नवा माल समोर आला की ओल्या अंगठ्याने रंग घासून बघायचा, ही हाताची सवय. त्यांनी पंख चिमटीत धरून अंगठा फिरवला. भुकटी अंगठ्यावर आली. भुकटीखालचा पंख काचेसारखा आरपार.

"कच्चा रंग शे," ते म्हणाले. "रिजेक्ट."

पतंग थरथरत होता. आता हा कधीच उडणार नाही, मुंग्या याला जिवंत खातील, या विचाराने मला फार दया आली. मी आईची चप्पल मागून घेतली आणि एका फटक्यात काम तमाम केलं.

मग पुस्तकाचं पान उलटलं. या पतंगाच्या पंखांवरची भुकटी पहिल्या उडण्यातच आपोआप झडते. पंख जन्मभर पारदर्शकच राहतात. मी ते मोठ्याने वाचलं.

"मंग पास व्हता," वडील म्हणाले आणि अंगठा लुंगीला पुसला.

चप्पल धुऊन आईने रिकाम्या अनंताशेजारी उन्हात ठेवली.