अपघाताच्या फॉर्ममधला लपवलेला रकाना

घरात पहिल्यांदाच कॉलेज पाहिलेल्या माझ्यासारख्याने लिहायला बसावं, याची माफी असावी. जळक्या ग्रीसचा वास आला की रसमडा गावातला कारखाना आठवतो. तिथला अपघात नोंदवायचा संगणकावरचा फॉर्म मी बनवला होता. कुलूपबंद डेटाबेसमध्ये नवा रकाना जोडता येत नसे, म्हणून आधीच लपवून ठेवलेले रकाने अपघातानुसार उघडायचे. एका मजुराचा पंजा तुटला, तेव्हा ‘मशीन कोणी चालू केली’ हा रकाना कारखान्याच्या साहेबांनी उघडू दिला नाही; मशीन त्यांनीच चालू केली होती, पण नोंदीत चूक मजुराची ठरली. मजुराच्या भावाने माझं तोंड टेबलावर आपटलं. “पंजा त्याचा गेला अन् चूकही त्याचीच कावून? नाव टाक बे!” फाटल्या ओठातून रक्त गळत असताना मी रकाना उघडून साहेबांचंच नाव टाकलं. साहेबांनी मला पट्ट्याने फोडून काढलं. काल आई फोनवर म्हणाली, “चौकशीत सायब अडकला. तो भाऊ घरी आला होता, तुया ओठ बरा झाला का विचारत होता.”