बारा शेरांत अहेरी

चांद्याहून अहेरीला आम्ही दोघे सायकलवर निघालो होतो, ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की आता मी तोंड उघडलं की घरातली माणसं एकेक करून उठतात. तयारीचा भाग मी फार रंगवून सांगतो. तिसऱ्या दिवसाचा मात्र कधीच सांगितला नाही. कोणी विचारलंच, तर सायकली बिघडल्या म्हणून परत आलो, असं म्हणायचो. सायकलींना काहीही झालं नव्हतं.

पन्नास साल उलटून चार-सहा वर्षं झाली असतील. सायकलवर देश फिरायला निघालेले दोन परप्रांतीय तरुण चांद्यात एक रात्र मुक्कामाला होते. त्यांच्या सायकलींवर एवढं सामान, की सायकल कुठे संपते आणि बिऱ्हाड कुठे सुरू होतं ते कळेना. सगळं गाव कौतुकानं बघत होतं. मला मात्र हसू आलं. माझ्या मित्राच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात बसून मी चारचौघांसमोर बोललो, की एवढं ओझं घेऊन कोणीही जाईल, मी बारा शेरांत अहेरीला जाऊन येतो. पाण्यासकट बारा शेर. बोलून गेलो आणि मग ते खरं करण्याच्या मागे लागलो.

मित्र झाडीपट्टीतला, धानाच्या गावचा. हात काळे, बोलणं कमी. तो यायला का तयार झाला ते मला आजही नीटसं माहीत नाही. बहुधा मी एकटा गेलो तर परत येणार नाही, अशी त्याला खात्री असावी.

दीड महिना मी दुसरं काही केलं नाही. शेजारच्या किराणा दुकानदाराचा तराजू दुपारी रिकामा असे, तेव्हा जाऊन एकेक जिन्नस तोलायचा. जुन्या राहुटीचं कापड मिळवलं आणि सायकलच्या तीन दांड्यांच्या मधल्या जागेत बरोबर बसेल अशी तिकोनी पिशवी आईकडून शिवून घेतली. तिच्यात लाह्यांचं पीठ, गूळ, जवसाची चटणी. हँडलला एक सतरंजी गुंडाळून. धोतर एकच, तेही फाडून अर्धं केलेलं. साबणाची वडी कापली, कंगव्याचे दात अर्धे मोडून टाकले. आई म्हणाली, "डोक्शाचे केस बी काढून टाक, तेवढंच वजन कमी." मी खरोखरच न्हाव्याकडे जाऊन आलो.

मामा जंगलखात्याच्या कचेरीत कारकून होते. त्यांच्याकडून चार दिवसांसाठी नकाशा आणला. चामोर्शीच्या पुढे मोठ्या रस्त्यानं न जाता मधल्या गाडीवाटेनं गेलो तर पाच-सहा मैल वाचत होते, आणि त्या वाटेवर दर दोन-तीन मैलांवर एक निळी रेघ होती. म्हणजे नाला. म्हणजे पाणी. मी हिशेब मांडला, की दोघांत एक छागल पुरे. छागल म्हणजे जाड कापडाची पाण्याची पिशवी, भरली की पाच शेरांना जाते.

"वैशाखात नाल्यात पानी कुठचं?" मित्र म्हणाला.

"सरकारी नकाशा आहे," मी म्हणालो. नकाशा खोटा नव्हताच. तो पावसाळ्यात बघायचा की उन्हाळ्यात, हे विचारायची अक्कल मला नव्हती.

त्यानं वाद घातला नाही. दुसरी छागल आणून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "एक माह्याकडं, एक तुह्याकडं." अवजारं, पंप आणि एक भरलेली छागल त्याच्या सायकलवर होतीच. दुसरी घेतली असती तर माझं ओझं सतरा शेरांवर गेलं असतं. निघायच्या दिवशी पहाटे मी ती दाराआडच्या खुंटीला टांगली आणि बाहेर पडलो. त्याला काही बोललो नाही; ती माझ्या तिकोनी पिशवीत आहे, असंच त्याला वाटत राहिलं. दुकानासमोर चारचौघांनी माझी सायकल उचलून पाहिली आणि माना डोलावल्या. मला फार बरं वाटलं.

पहिले दोन दिवस खरंच मजेत गेले. मार्कंड्याला उतरायचं तर वैनगंगेचं वाळवंट पार करावं लागलं. दुपारच्या तापल्या वाळूत सायकली खांद्यावर घेऊन आम्ही चाललो, तेव्हा माझी सायकल फुलासारखी हलकी होती आणि मित्र मागे धापा टाकत होता. मी त्याची थट्टा केली. तो हसला. देवळाच्या पायऱ्यांवर बसून गूळ खाल्ला.

तिसऱ्या दिवशी गाडीवाटेला लागलो. पहिला नाला कोरडा. दुसरा कोरडा. तिसऱ्यात पांढरी वाळू आणि तिच्यावर रानडुकरांचे खूर. मध्ये बाभळीच्या काट्यानं दोन पंक्चर झाली, त्यात वेळ गेला, उन्हात बसून पाणीही भराभर संपलं. वाटेत एका झाडाला भोपळ्याचा तुंबा टांगलेला दिसला होता. मी सायकल वळवणार तोच मित्रानं थांबवलं. "त्याले हात नको लावू. तेंदूची पानं तोडाले आलेल्या मानसाचं पानी असते ते. मांगावं, देतेत. पन न इचारता घ्यावं नाई." आम्ही पुढे गेलो.

माथ्यावर ऊन आलं तेव्हा छागलीतून शेवटचा थेंब त्यानं मला दिला.

"आता दुसरी काढ," तो म्हणाला.

"घरी राह्यली."

"राह्यली का ठेवली?"

"ठेवली."

त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, की तू सायकली पाहा, मी नाल्यानं खाली जाऊन पाणी दिसते का पाहतो. आणि गेला. मी मोहाच्या झाडाखाली बसलो. बसल्यावर वर पाहिलं, तर फांदीला तुंबा. तोंडात पानांचा बोळा घातलेला.

आता काय सांगू. मी स्वतःला म्हणालो, एकच घोट. हाकही मारली नाही, कारण कोणी ओ दिली असती तर मागावं लागलं असतं. एक घोट घेतला आणि मग थांबता आलं नाही. गार पाणी होतं, भोपळ्याचा किंचित कडवट वास होता. तळाशी थोडं उरलं तेव्हा मित्राची आठवण झाली, नाही असं नाही. तेही प्यायलो. बोळा होता तसा लावला, तुंबा होता तिथे टांगला आणि तोंड पुसून सायकलीजवळ जाऊन बसलो.

थोड्या वेळानं एक बाई आली. डोक्यावर तेंदूच्या पानांचा भारा, चाळिशीची असावी, गोंडी वळणाचं मराठी. मला पाहून ती दचकली नाही. भारा उतरवला, तुंबा काढला, हातात घेताच तिला कळलं. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"पेलास का भाऊ? पेला असन तं पेला."

इतकं सोपं करून दिलं होतं तिनं. 'हो' म्हणायला एक अक्षर लागत होतं.

"नाई बाई," मी म्हणालो. "मी हातबी नाई लावला. गळत असन."

तिनं तुंबा फिरवून फिरवून पाहिला. बोटानं चाचपला, उन्हाकडे धरला. छिद्र सापडेना. तरीही तिला संशय आला नाही, कारण पाणी पिऊन 'नाही प्यालो' म्हणणारा माणूस तिच्या माहितीत नसावा. मग तिनं तो दोन्ही हातांनी उचलला आणि दगडावर आपटला. खाडकन फुटला.

"काऊन फोडला?" मी ओरडलोच.

"गळका तुंबा ठेवाचा नसते," ती म्हणाली. "पाहनाऱ्याले वाटते पानी आहे. मांगून येनारा त्याच्या भरोशावर मरते." आणि मग जरा थांबून, "सासऱ्याचं पानी होतं. तो पडून आहे तिकडं, आंग तापलं आहे."

तुकडे माझ्या पायाशी पडले होते. आतून ओले, जाड, कुठेही चीर नाही. मी ते तिच्याआधी पाहिले आणि चीर त्यातच असेल असं तिला वाटावं म्हणून पाय पुढे करून एक तुकडा झाकला. एवढ्या हलकटपणाची मला तोवर स्वतःकडून अपेक्षा नव्हती.

इतक्यात मित्र परत आला, हात हलवत, ओठ फाटलेले. बाईनं त्याला पाहिलं आणि एक शब्द न विचारता म्हणाली, "चाला." नाला जिथे वळत होता तिथे दोन जांभळीची झाडं होती. मित्र तिथूनच गेला होता, पण वर वर पाहून. ती गुडघ्यावर बसली आणि हातांनी वाळू उपसू लागली. कोपरापर्यंत हात गेला तेव्हा खाली ओल लागली, मग गढूळ पाणी, मग थोडं निवळ. पळसाच्या पानाचा दोना करून तिनं भरला आणि पहिल्यांदा माझ्यापुढे धरला. मी मघापासून बिनपाण्याचा एकटा बसलो होतो ना.

मी दोन घोट घेतले. तिसरा जाईना. पोट तुडुंब भरलेलं होतं. मी जोर करून गिळायला गेलो तर पाणी तोंडातून सदऱ्यावर आलं. दोना मी मित्राला दिला. त्यानं तो एका दमात संपवला, मग दुसरा, तिसरा, मी मोजायचं सोडून दिलं. बाई त्याच्याकडे पाहत होती. मग माझ्याकडे पाहिलं.

"तुले तं तहानच नाई," ती म्हणाली.

मित्राचा हात थांबला. झाडाखालचे तुकडे त्यानं येताना पाहिले होते.

"पेलो म्हन्ला असता तं म्या काई म्हन्लं असतं का?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होती. मी सदऱ्यावरचं पाणी झटकू लागलो. माफी मागायला मराठीत पुष्कळ शब्द आहेत आणि मला ते सगळे येत होते.

तिनं दोन दोने भरले, दोन हातांत धरले आणि उठली. अर्धा कोस ते असं न्यायचं होतं. चार पावलांत एक सांडला. मित्र उठला, सायकलीची छागल सोडून आणली आणि वाळूतल्या त्या खड्ड्यात, झिऱ्यात, भरू लागला. आपल्यालाही पुढे जायचं आहे, असं माझ्या ओठांवर आलं होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही म्हणून ते बाहेर पडलं नाही. छागल खांद्यावर घेऊन तो तिच्यामागून गेला.

दिवस कलल्यावर तो परतला. छागल नव्हती, म्हणजे अहेरीही नव्हती.

"कसा आहे म्हातारा?" मी विचारलं.

"पेला. आता बरा आहे." तो सायकलीशी टेकून बसला. "तुंबा कुठी आहे म्हनून इचारलं त्यानं. तिनं सांगतलं, माह्या हातानं फुटला. मंग लय बोलला तो तिले, तापातल्या तापात. दोन सालं जपला होता म्हने त्यानं. तिचे मायबाप काढले."

"अन् तू?"

"मी तोंड उघडत होतो. तिनं हातानं चूप केलं."

म्हाताऱ्यापुढे जाऊन खरं सांगायचं तर जागा लांब नव्हती, अर्धाच कोस. पायवाट त्याच्या पावलांनी नुकतीच उमटलेली होती, चुकायचा प्रश्न नव्हता. अजून उजेडही होता. मी पंप काढला आणि मागच्या चाकात हवा भरत बसलो.