आसगावच्या मामांचा दावा

आसगावच्या मामांइतका कायद्याला मानणारा माणूस साऱ्या भंडारा जिल्ह्यात झाला नाही, आणि वकिलाचं इतकं कमी ऐकणाराही दुसरा झाला नसेल. हे माझ्या आईचे चुलतभाऊ. धानाचे शेतकरी, पण आवाज असा की "चहा घेता का?" विचारलं तरी समन्स बजावल्यासारखं वाटावं. कोणाचा बैल बांध ओलांडून आला की "दफा लागते तुह्यावर!" असं बैलालाच दरडावत. भाजीत मीठ कमी पडलं तर मामींकडे हरकत नोंदवत. एका लग्नात नवरदेवाला उशीर झाला, तेव्हा भर मांडवात उठून "आता निकाल एकतर्फी होऊन जाईल बरं!" असं म्हणाले होते. मुलीच्या बापाचं तोंड पाहण्यासारखं झालं. मनानं मात्र माणूस लोण्याहून मऊ.

हा कायदा त्यांच्या अंगात शिरला तो घरापायी. आणीबाणी उठली त्या सुमारास त्यांनी जुनं मातीचं घर पाडून पक्कं बांधायला काढलं आणि संसार तेवढ्यापुरता गोठ्यात हलवला. चौकट बसली त्या दिवशी रीतीप्रमाणे पूजा झाली. ठेकेदाराला पाटावर बसवून मामांनी शेला-नारळ दिला, मामींनी आग्रह करकरून वाढलं. भिंती उभ्या राहिल्या, आणि छपराच्या आधी हा गृहस्थ जो गेला तो गेलाच. लाखांदूरकडे मोठं काम मिळालं म्हणे. इकडे मामींना दम्याचा त्रास. गोठ्यातली ओल, चुलीचा धूर, आणि वर गवताचं गळकं छप्पर. पावसाळा आला की त्यांचा श्वास लागायचा.

मामांनी दावा लावला. तारखेच्या आदल्या दिवशी ते आमच्याकडे भंडाऱ्याला मुक्कामाला येत, वकिलासाठी चिन्नोर तांदळाची पिशवी घेऊन. म्हणून हे सगळं मला ठाऊक. वकील बिचारा सरळ माणूस. "नोटीस दिली, कोर्टाचा कमिशनर येऊन अर्धवट कामाची पाहणी करून गेला. आता दुसरा मिस्त्री लावा आणि राहायला जा. नुकसानभरपाईचं मी पाहतो. पण माणूस धरून आणून कोर्ट काही त्याच्याकडून घर बांधून घेणार नाही."

"मले भरपाई नोको, वकीलसाहेब. मले तो माणूस पायजे," मामा म्हणाले. "ज्याच्या हातानं चौकट बसली, त्याच्याच हातानं कवेलू चढले पायजे. पूजा काय खेळ होती?"

मामांच्या घरात ही जुनी समजूत होती. एकानं चौकट बसवली आणि दुसऱ्यानं छपराची कौलं चढवली, तर ते घर घरधनिणीला धार्जिणं होत नाही. म्हणजे पाहा, हा सारा हट्ट मामींच्या जिवासाठीच होता आणि भोगत होत्या त्याही मामीच! मला तर अशा वेळी मामांचा इतका राग येई की जेवणावरचं मन उडे.

वर्षं गेली. मामांनी ते बिनछपराचं घर जसंच्या तसं जपलं. परांचीवर मामींनी लुगडं वाळत घातलं तर म्हणाले, "मुद्देमाल आहे तो, हात नोको लावू." मग स्वयंपाकघरात आपोआप भोपळ्याचा वेल उगवला, भिंतीवर चढला आणि त्याला भोपळेही लागले. ते तोडले तर दाव्याला बाधा येईल का, हे विचारायला मामा एसटीनं थेट भंडाऱ्याला आले. ते गावी परतल्यावर मामी म्हणाल्या, "भोपळ्याचं इचारून आले. माहं काहून नाई इचारलं?"

अखेर एका तारखेला ठेकेदार हजर झाला. मीही होतो तिथे. त्याला काय काय सुनवायचं, हे मामांनी आदल्या दिवशी आमच्या पडवीत घोकलं होतं. पण कोर्टाच्या व्हरांड्यात पाहतो तो, माणसाचा उजवा हात लकव्यानं लोंबकळत होता. मामांनी तो हात पाहिला. मग म्हणाले, "जेवला का गा?" हॉटेलात नेऊन त्याला पोटभर खाऊ घातलं, दावा काढून घेतला आणि त्याला एसटीत बसवून आसगावला घेऊन गेले. वकिलानं कपाळाला हात लावला. ठेकेदारानं डाव्या हातानं पहिलं कवेलू कपाळाला लावलं आणि शिडीवरच्या गावच्या मिस्त्रीकडे दिलं. बाकीचं सारं छप्पर त्या मिस्त्रीनंच चढवलं.

मामी घरात आल्या, पण छाती तोवर पार पोखरली होती. अंथरुणाला खिळल्यावर एकदा माझ्यादेखत त्या मामांना म्हणाल्या, "त्याचा हात लागला तो एका कवेलूले. बाकी सारे तं दुसऱ्यानंच चढवले नं? मंग इतके पावसाळे काहून वाट पायली?" पुढचा पावसाळा मामींनी पाहिला नाही.

पुढे कोणाचा ठेकेदार काम सोडून पळाला की लोक मामांकडे सल्ल्याला येत. मामा हळू आवाजात सांगत, "नोटीस दे, पंचनामा कर, फोटो काढ, अन् लगेच दुसरा मिस्त्री लाव. दाव्याचं मांगून पाह्यता येते." समोरचा चाचरत म्हणे, "पण मामाजी, चौकट तं त्याच्या हातची..."

"चौकटीले काय होते गा?" मामा म्हणत. "माही चौकट अजून जशीच्या तशी उभी हाय. तिच्यातून येणंजाणं करणारी नाई राह्यली."