नंदाची मैत्रीण

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि तो गेला तेव्हा वाटलं, बरं झालं, आता घरात विचारणारं कुणी उरलं नाही. बघा, मी अशी आहे.

ऐंशी सालच्या आसपास आम्ही वाशीला, नव्या सोसायटीत राहायला आलो. खालच्या मजल्यावर नंदा राहायची. विशीतली, जन्मापासून आंधळी, दिवसभर गॅलरीत बसलेली. तिला माणसांत आणायचं मी मनावर घेतलं. महिला मंडळात न्यायचे, पुढे बसवायचे, गाणं म्हणायला लावायचे. बायका म्हणायच्या, केवढं करता हो तुम्ही! मी फुलून जायचे. नंदाशी मात्र कुणी बोलायचं नाही. टाळ्या वाजवायच्या आणि चहाकडे वळायच्या. मला हे दिसत नव्हतं का? दिसत होतं.

मग हिरा आली. वाशीगावातली, दारोदार मासळी विकणारी, नंदाच्याच वयाची. टोपली उतरवून तिच्याशी गप्पा मारत बसायची. हळूहळू तिला आपल्या घरी न्यायला लागली. एकदा मी मुद्दाम मागून गेले. ओट्यावर दोघी कोळंबी सोलत होत्या आणि नंदा चक्क भांडत होती — "गप गं हिरे, काय पण फेकतेस!" — आणि खिदळत होती. माझ्यासमोर ती कधी मोठ्याने हसलीसुद्धा नव्हती.

मला आनंद व्हायला हवा होता, नाही? माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या आईला सांगितलं, "हिराच्या भावाची नजर बरी नाही. पोर हातची जाईल." त्या भावाला मी कधी पाहिलंही नव्हतं. भाऊ होता की नाही, तेही ठाऊक नव्हतं.

हिराला दार बंद झालं. ती खाली उभी राहून हाका मारायची — "नंदे, ए नंदे!" — आणि आई खिडकी लावून घ्यायची. नंदाने मला विचारलं, "ताई, माझंच काही चुकलं का हो? मी तिला लागेल असं बोलले का?"

मी म्हटलं, "जाऊ दे गं. ही माणसं अशीच."

त्यानंतर ती मंडळात यायची थांबली. गॅलरीतही दिसेना.

पुढे बाजारात हिराने मला गाठलं. "नंदाला बरा हाय ना, बाय? येवढे तिला द्या," म्हणत सुक्या बोंबलांची पुडी माझ्या हातात कोंबली. डोळे भरले होते तिचे. मी मान डोलावली.

ती पुडी मी घरी नेली. दुपारी चटणी केली. चवीने खाल्ली — पुन्हा वाढून घेतली.