झाकणाच्या आतला निळा

बारीककाका अशी हाक मारली की जो माणूस वळून बघायचा, तो अंगाने चांगला गरगरीत होता. नाव अंगावरून पडलेलंच नव्हतं. पंपाच्या कारखान्यात लेथवर सगळी नोकरी गेली. केसाएवढी चूक काकांना लांबून दिसायची आणि दिसली की समोरच्याचा जीव नकोसा करायचे, म्हणून बारीक. निवृत्त झाल्यावर तरी खोड गेली असेल म्हणाल, तर छे! घरातलं दार जरा करकरलं तरी यांच्या घशाखाली घास उतरत नसे.

अशा माणसाच्या बायकोला विसर पडायला लागला. तिथे ना पट्टी चाले, ना कानस. काकूंना आधी शब्द सापडेनासे झाले, मग रस्ते, मग माणसं. लेक कधी लेक असायची, तर कधी भलतीच कोणी. नवऱ्यावर मात्र अजून हक्काने चिडायच्या. "अहो, चपला कुठे टाकल्यात माझ्या?" असं ओरडल्या की काकांना बरं वाटायचं. ओरडून घ्यायलाही कोणीतरी आपलं लागतं ना!

खरा त्रास दुपार कलली की सुरू व्हायचा. काकू पर्स छातीशी धरून दाराशी जायच्या. "मला घरी जायचंय." अगं, हेच घर आहे, हे सांगून काका थकले. त्या दार बडवायच्या, रडायच्या. एकदा कडी काढून निघूनही गेल्या होत्या, तेव्हा सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मग काकांना उपाय सापडला, तो गाडीचा. अंगणात त्यांची जुनी चारचाकी उभी असायची. काकू तिला बघून ताबडतोब शांत व्हायच्या, पुढच्या सीटवर नवऱ्याशेजारी बसायच्या. पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं, कालव्याच्या कडेने वळून परत याच दारात यायचं. उतरताना काकू म्हणायच्या, "आलो बाई एकदाचे घरी." आणि रात्र निभायची.

असं चाललं होतं तेवढ्यात गाडी आरटीओच्या तपासणीत नापास झाली. दारांच्या खालचा पत्रा गंजून चाळण झाला होता. वेल्डिंगवाल्याने घरी येऊन ठिगळं लावून दिली, पण रंग चढल्याशिवाय पास झाल्याचा कागद मिळणार नव्हता. गॅरेजवाला म्हणाला, गाडी सोडून जा, नंबर लागला की कळवतो. नंबर लागेपर्यंत काय बायकोला खांद्यावर बसवून कालव्यावर न्यायचं?

लेक बँकेत होती, सुट्टीला यायची. ती म्हणाली, "बाबा, विकून टाका ती गाडी. आईसाठी मी एक संस्था बघून आलेय. चांगली आहे, माणसं प्रेमळ आहेत."

"माणसं प्रेमळ असतील, पण ती त्या जागेला घर म्हणेल का?"

"आणि तुम्हाला काही झालं तर?"

काका म्हणाले, "गाडी मी घरीच रंगवतो. तुझी आई तिच्यात बसेनाशी झाली, तर मग तू म्हणशील तसं करू." लेकीने होकार दिला. निघताना एवढंच म्हणाली, "रंग तोच ठेवा हं. डॉक्टर काय म्हणालेत आठवतंय ना? तिच्या डोळ्यासमोरचं काही बदलायचं नाही."

मग सुरू झाली रंग फवारायच्या गनची निवड. काकांनी आधी आणली ती नुसती विजेवर चालणारी, स्वस्तातली. जुन्या पत्र्यावर मारून बघितली, तर रंग थुंकल्यासारखा उडाला. काका तिच्यावर इतके चिडले, की जणू ती कारखान्यातली नवी भरती होती. बदलायला दुकानात गेले. रंगवाला त्यांच्याच वयाचा, गळ्यात चष्मा अडकवलेला, निवांत माणूस.

"कॉम्प्रेसर आहे का?" त्याने विचारलं.

"पंक्चरवाला देतोय, छोटा आहे."

"मग ही मोठी गन नको. ही हवा फार खाते. अर्धं दार होतंय तोवर तुमची टाकी रिकामी, आणि पत्र्यावर संत्र्याची साल, सगळा रंग खडबडीत." त्याने दुसरी काढली, वर भांडं असलेली. "ही घ्या. कमी हवेत चालते, धुरळाही कमी उडतो. हात मात्र सरळ न्यायचा, मनगट वळवायचं नाही."

"हात सरळ कसा न्यायचा ते मला सांगू नका," बारीककाका म्हणाले. रंगवाला हसला.

रंगाचं मात्र त्याने बजावून सांगितलं. हार्डनर, म्हणजे रंग कडक करणारं औषध, घातलेला रंग आरशासारखा दिसतो, पण त्याची वाफ छातीत बसते, त्याला हवेच्या नळीचा मुखवटा लागतो. घरात आजारी माणूस असेल तर नादाला लागू नका. साधा मारा, चमक पॉलिशने आणा. काकांनी मान डोलावली. मग पिशवीतून पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढून काउंटरवर ठेवलं, रंग जुळवायला आणलेलं.

रंगवाल्याने ते उलटंपालटं करून बघितलं. "कुठल्या बाजूचा देऊ?"

बाहेरून झाकण राखाडी होतं. इतकी वर्षं उन्हात उभी राहून गाडी तशीच झाली होती. सगळी गल्ली तिला राखाडीच म्हणायची. आतून मात्र ते निळं होतं. जिथे ऊन पोचलंच नव्हतं तिथे तो पहिला निळा जसाच्या तसा बसला होता. काका बघतच राहिले. गाडी घरी आणली त्या संध्याकाळी काकूंनी निळीच साडी नेसली होती आणि गल्लीच्या तोंडापासून दारापर्यंत खिडकीबाहेर हात काढून बसल्या होत्या. आजारपणाच्या राड्यात हे काका स्वतःच विसरून गेले होते.

बाहेरचा, असं म्हणायलाच ते आले होते. लेकीने निघताना तसंच सांगितलं होतं. पण माणसाचं मन चोरटं असतं हो. गाडीला पहिला रंग आला तर तिलाही पहिलं काही आठवेल, असा एक वेडा विचार डोक्यात शिरला आणि निघेना.

"आतला द्या," काका म्हणाले.

काम चाललं तोवरचे दिवस वाईट गेले. पत्रा घासायचा, पुट्टी भरायची, परत घासायची, काचांना कागद चिकटवायचे. गाडी ताडपत्रीच्या आड गेली, आणि काकूंनी दार बडवायला सुरुवात केली. काका तोंडाला मुखवटा लावून आत धावायचे, तर त्या घाबरून किंचाळायच्या. मुखवटा काढून "अगं, मी आहे, मी" म्हणावं लागायचं. हात धुऊन त्यांच्याजवळ बसायचं, त्या डुलक्या घ्यायला लागल्या की परत गन धरायची. रंग मारताना मात्र हात सरळ गेला. रंग वाळला, पॉलिश झालं. कुठे ओघळ नाही, कुठे साल नाही. कारखान्यातल्या कुठल्याही साहेबाने हात फिरवून बघावा असं काम झालं. पण बघायचं होतं ते साहेबाने नाही, काकूंनी.

लेक त्या दिवशी मुद्दाम आली. ताडपत्री काढल्यावर तिचा चेहरा उतरला. "बाबा! हा काय रंग? मी काय सांगितलं होतं?"

"बघू तरी," काका पुटपुटले.

काकू दारात आल्या. पर्स छातीशी. पायरीवर थबकल्या.

"अगंबाई!" काकू म्हणाल्या. "आली पण?"

आणि हसल्या. असं हसू त्या घरात कित्येक दिवसांत उमटलं नव्हतं. त्यांनी बॉनेटवरून तळवा फिरवला, भराभरा जाऊन पुढचं दार उघडलं, आत बसल्या आणि काच खाली करून हात बाहेर काढला. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. काकांचा तर आनंद गगनात मावेना. ते वळसा घालून आले आणि स्टिअरिंगवर बसले.

काकू दचकून दाराकडे सरकल्या.

"काका, तुम्ही कोण?"

"अगं, मी."

"उतरा आधी. ही यांची गाडी आहे, आजच आणलीय. हे आले आणि तुम्हाला इथे बसलेलं बघितलं तर काय म्हणतील?"

सगळी गल्ली त्यांना काका म्हणायची, पण या तोंडून ती हाक कधी आली नव्हती. काका उतरले. काकूंना पहिलं सगळं आठवलं होतं, गाडी, तो दिवस, काळ्या केसांचा नवरा. या म्हाताऱ्याला त्यात जागा नव्हती. हे आपणच आपल्या हाताने केलं, हे त्यांना कळलं, आणि ते गाडीला टेकून उभे राहिले.

"कुठे राहिले हे?" काकूंचा आवाज चढायला लागला. "मला घरी जायचंय. यांना बोलवा."

लेक हळूच म्हणाली, "बाबा, बास आता. मी फोन करते त्या संस्थेत."

"थांब," काका म्हणाले. त्यांनी डोळे पुसले, शर्ट नीट केला आणि खिडकीशी जरा वाकून उभे राहिले. "वहिनी, मला त्यांनीच पाठवलंय, कारखान्यातून. त्यांना ओव्हरटाइम लागलाय. म्हणाले, हिला घरी सोड."

काकूंनी त्यांना नीट निरखून बघितलं. "तुम्हाला येते ना चालवता? नवी आहे."

"येते."

मग काकू पुढून उतरल्या आणि मागच्या सीटवर जाऊन बसल्या. परक्या माणसाशेजारी कशा बसतील? काकांनी गाडी सुरू केली. टाकीपर्यंत गेले, कालव्याच्या कडेने वळले. मागे काकू भरभरून बोलत होत्या. हे किती राबतात, एकेक सुटा भाग हातात घेऊन कसे बघत बसतात, गाडीसाठी दोघांनी कशी हौस मारली. "बोलतात कमी, पण माझ्यावर फार जीव आहे त्यांचा," त्या म्हणाल्या. काकांना समोरचा रस्ता धड दिसत नव्हता. तरी ते "हो वहिनी, हो" म्हणत राहिले.

दारात गाडी थांबली. "आलो बाई एकदाचे घरी," काकू म्हणाल्या आणि लेकीचा हात धरून पायऱ्या चढल्या. उंबऱ्यावरून मागे वळल्या.

"काका, चहा घेतल्याशिवाय जाऊ नका हं. हे येतीलच एवढ्यात. तोवर बसा तिथेच, बाहेर."

"हो," काका म्हणाले, आणि पायरीवर बसले.